जमत नाही की जमवायचे नाही?

शिक्षकाच्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारे वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले तर मी चटकन सांगेन, "सर, जमत नाही." गणित जमत नाही, पाठांतर जमत नाही, वेळेवर येणे जमत नाही. आणि शिक्षकाच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा बाहेर पडणारे वाक्य म्हणजे, "जमत नाही म्हणू नकोस, जमवायचे नाही असे म्हण!" शाळेतली सारी वर्षे या दोन वाक्यांत गेली. पण याच दोन वाक्यांवरून एके काळी रोमन साम्राज्यात मोठे वादळ उठले होते, धर्मपरिषदा भरल्या होत्या, बादशहाने हद्दपारीचे फर्मान काढले होते, हे मला निवृत्त झाल्यावर वाचनात आले. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात रोमच्या पाडावाला जेमतेम एक परिच्छेद असतो. त्यात हे कुठून येणार?

ही गोष्ट दोन माणसांची आहे. एक पेलागियस, दुसरा संत ऑगस्टीन. दोघेही ख्रिस्ती, दोघेही विद्वान, दोघांच्याही चारित्र्याबद्दल लोकांत आदर. प्रश्नही दोघांचा एकच. माणसाला चांगले काय ते कळते, तरी तो वाईट का वागतो? आणि ठरवले तर तो स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो का?

आधी काळ लक्षात घेऊ. ३१३ साली कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० साली थिओडोसियसने तो साम्राज्याचा अधिकृत धर्म केला. जो धर्म पाळण्यासाठी पूर्वी सिंहाच्या तोंडी जावे लागे, तो आता नोकरीत बढती मिळवायला उपयोगी पडू लागला. साहजिकच चर्चमध्ये गर्दी झाली. नावाने ख्रिस्ती आणि वागण्याने पूर्वीचेच, अशी ही गर्दी होती. याच सुमारास ब्रिटनमधून पेलागियस रोमला आला. तो पाद्री नव्हता, पण संन्याशासारखा राहत असे. अंगाने चांगला धिप्पाड होता, विरोधकांनी पुढे त्याच्या या देहाचीही टिंगल केली. रोमच्या मोठ्या घराण्यांतली माणसे त्याच्याकडे सल्ल्याला येत. त्याने पाहिले की जो तो एकच सबब सांगतो. आम्ही दुबळी माणसे, देह मातीचा, मोह अनावर, आमच्याने कसे व्हायचे? ही सबब ऐकून त्याचे डोके फिरत असे. मला त्याची मनःस्थिती अगदी ओळखीची वाटते!

त्याचे विचार समजून घ्यायला एक सुंदर साधन शिल्लक आहे. रोममधल्या अत्यंत श्रीमंत अशा अनिकी घराण्यातली डेमेट्रियास नावाची कोवळ्या वयाची मुलगी. कुटुंब रोममधून पळून कार्थेजला आलेले. लग्न ठरलेले असताना या मुलीने ते मोडून आजन्म ब्रह्मचारिणी राहण्याचे व्रत घेतले. सुमारे ४१३ सालची ही गोष्ट. तिच्या घरच्यांनी नामवंतांकडून तिच्यासाठी उपदेशाची पत्रे मागवली. संत जेरोमने लिहिले, पेलागियसनेही लिहिले. गंमत अशी की पेलागियस पुढे पाखंडी ठरल्यावर त्याचे हे पत्र टिकून राहिले ते नकलनविसांनी ते जेरोमच्या नावावर उतरवल्यामुळे. म्हणजे ज्या जेरोमने त्याची यथेच्छ निंदा केली, त्याच्याच छत्राखाली हे पत्र शतकानुशतके सुखरूप राहिले.

या पत्रात पेलागियस सुरुवातीलाच आपली शिकवण्याची रीत सांगतो. कुणालाही सदाचाराचा उपदेश करताना तो आधी माणसाच्या स्वभावात किती बळ आहे हे दाखवतो, कारण जे आपल्याला शक्यच नाही असे वाटते त्या वाटेला कुणी जात नाही. आमच्या बी.एड.च्या वर्गात हेच वेगळ्या शब्दांत शिकवले होते. मग तो सदसद्विवेकबुद्धीकडे वळतो. त्याचे म्हणणे असे की प्रत्येकाच्या मनात एक जन्मजात पावित्र्य आहे. ते मनाच्या बालेकिल्ल्यात बसून न्यायनिवाडा करत असते. वाईट केले की आपण लाजतो, दचकतो, कुणी आरोप केला नसला तरी आपल्याला अपराधी वाटते. आणि चांगले केले की शिक्षा होत असतानाही मन शांत राहते. हे आत बसलेल्या न्यायाधीशामुळेच. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेले असते. पेलागियसने याच धाग्याला धरून हाबेल, नोहा, अब्राहाम, योसेफ, ईयोब अशी मालिकाच उभी केली. यांच्यापाशी कुठले लिखित शास्त्र होते? तरी ते सज्जन राहिलेच ना? ख्रिस्त ज्यांना ठाऊक नव्हता अशा तत्त्ववेत्त्यांमध्येही संयमी आणि न्यायी माणसे झाली, याकडेही त्याने बोट दाखवले.

मग जग बिघडले कसे? याचे त्याचे उत्तर एका शब्दात, सवय. स्वभाव बिघडलेला नाही, त्यावर गंज चढला आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाईट वागत गेल्याने ती सवय इतकी जुनी झाली की तीच स्वभाव वाटू लागली. मोशेचे नियमशास्त्र आले ते हा गंज घासून काढणाऱ्या कानशीसारखे. पुढे ख्रिस्ताने आपल्या वागण्याने कित्ता घालून दिला. आता कित्ता समोर आहे, हातात लेखणी आहे, तेव्हा गिरवायचे काम तुमचे. आदामाच्या पापाने आदामाचे नुकसान झाले आणि जगाला वाईट उदाहरण मिळाले, पण ते पाप रक्तातून आपल्यात आलेले नाही. नवजात बालक निष्पाप असते. तो याची तीन भागांत फोड करी: शक्ती, इच्छा आणि कृती. पाहण्याची शक्ती देवाने दिली, पण काय पाहायचे ते आपण ठरवतो. किती स्वच्छ मांडणी आहे ही!

आता दुसरी बाजू. ऑगस्टीन ३५४ साली उत्तर आफ्रिकेत थागास्ते या गावी जन्मला. आज ते गाव अल्जीरियात आहे. आई मोनिका भाविक ख्रिस्ती, पण मुलगा हुशार आणि स्वैर. कार्थेजला शिकला, सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात रमला, एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय अनेक वर्षे राहिला, त्यांना मुलगाही झाला. पुढे मिलानमध्ये वक्तृत्वाचा अध्यापक असताना बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकून त्याची बुद्धी पटली. पण बुद्धी पटूनही वागणे बदलेना! तरुणपणी तो देवाकडे संयम मागत असे, पण इतक्यात नको अशीही विनवणी त्याला जोडत असे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ३८६ साली एका बागेत रडत असताना त्याचे मन एकदाचे वळले, ३८७ साली बाप्तिस्मा झाला आणि काही वर्षांतच तो हिप्पोचा बिशप झाला.

सुमारे ३९७ ते ४०० या काळात त्याने आपली आत्मकथा लिहिली. त्यात एक प्रसंग आहे. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडावरची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली? चोरी करण्यात मजा होती म्हणून! एवढ्याशा गोष्टीवर हा मनुष्य पानेच्या पाने लिहितो. लोकांना ते अतिरेकी वाटते. मला वाटत नाही. शाळेच्या आवारातली कैरी पाडणारी मुले मी पाहिली आहेत. घरी टोपलीभर आंबे असलेला मुलगा त्यात सर्वांत पुढे असतो. त्या मुलाला चोरी वाईट हे ठाऊक नसते काय? चांगले ठाऊक असते. ऑगस्टीनचा मुद्दा हाच आहे. आतला न्यायाधीश जागा आहे, निकालही बरोबर देतो, पण त्या निकालाची अंमलबजावणी करणारा शिपाईच फितूर झालेला आहे. पौलानेही आपल्याला जे करायचे नसते तेच आपल्या हातून घडते अशी तक्रार केली होती. आपल्याकडे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो की इच्छा नसताना माणसाला पापाकडे ओढून नेणारे हे काय आहे. माणूस कुठलाही असो, हा अनुभव चुकत नाही.

ऑगस्टीनच्या मते आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छाच आजारी पडली आहे. इच्छा आहे, ती मोकळीही आहे, पण तिची ओढ स्वतःकडेच आहे. आजाऱ्याला "ऊठ, चाल" म्हणून तो चालू लागत नाही, त्याला वैद्य लागतो. तो वैद्य म्हणजे ईश्वराची कृपा. आत्मकथेतल्या एका प्रार्थनेत त्याने देवाला उद्देशून म्हटले होते की तुला जी आज्ञा करायची ती कर, पण ती पाळण्याचे बळही तूच दे. सुमारे ४०५ साली रोममध्ये एका बिशपने ही प्रार्थना पेलागियसच्या देखत उच्चारली आणि पेलागियस खवळला. आज्ञाही देवाची, पालनही देवाचेच, तर मग माणसाने काय करायचे? हात जोडून बसायचे? पुढे वाद पेटल्यावर त्याने खुद्द ऑगस्टीनच्याच इच्छास्वातंत्र्यावरील जुन्या ग्रंथाचा आधार घेतला, कारण तरुणपणी ऑगस्टीनने माणसाच्या इच्छेची बाजू जोरात मांडलेली होती.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये शिरून तीन दिवस लूट केली. पेलागियस आणि त्याचा शिष्य सेलेस्टियस आफ्रिकेला आले. पेलागियस लवकरच पॅलेस्टाइनला गेला. सेलेस्टियस मागे राहिला आणि ४११ साली कार्थेजमध्ये त्याला दोषी ठरवण्यात आले. पुढची हकीकत एखाद्या कोर्टकज्ज्यासारखी आहे. डिसेंबर ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या डिओस्पोलिस येथे चौदा बिशपांपुढे पेलागियस निर्दोष सुटला. तिथले कामकाज ग्रीकमध्ये, ते त्याला उत्तम येत होते, आणि फिर्यादी तर हजरच नव्हते. मग आफ्रिकेतल्या बिशपांनी ४१६ साली पुन्हा परिषदा घेतल्या. पोप इनोसंट यांनी ४१७ च्या जानेवारीत पेलागियसला दोषी ठरवले. ते लगेच मार्चमध्ये वारले. नवे पोप झोसिमस यांनी त्याच वर्षी अनुकूल मत दिले! शेवटी ३० एप्रिल ४१८ रोजी बादशहा होनोरियसने पेलागियस आणि सेलेस्टियस यांना रोममधून हद्दपार करण्याचे फर्मान काढले, दुसऱ्याच दिवशी कार्थेजला दोनशेहून अधिक बिशपांनी निषेधाचे ठराव केले आणि झोसिमस यांनीही मत बदलले. इटलीतल्या अठरा बिशपांनी सही करायला नकार दिला, त्यांचा पुढारी होता एक्लानमचा तरुण बिशप जूलियन. पेलागियस मात्र यानंतर इतिहासातून दिसेनासा होतो.

हा जूलियन ऑगस्टीनला शेवटपर्यंत छळत राहिला, आणि त्याचा प्रश्न खरोखरच झोंबणारा होता. जन्मतःच प्रत्येक माणूस पापी असेल तर बाप्तिस्म्याआधी मेलेल्या तान्ह्या बाळाचे काय? ऑगस्टीनने तर्क शेवटपर्यंत ताणला आणि सांगितले की तेही मूळ पापाच्या दोषातून सुटत नाही, फक्त त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असते. मी ऑगस्टीन जेवढा वाचला त्यात इथे मी पुस्तक मिटून ठेवले. हे त्या माउलीच्या तोंडावर कोण सांगेल? पुढे पाश्चात्त्य चर्चनेही हा कडवटपणा हळूहळू सौम्य केला. मध्ययुगात अशा बाळांसाठी यातना नसलेली 'लिंबो' नावाची जागा कल्पिली गेली, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञ मंडळाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असे निवेदन प्रसिद्ध केले. म्हणजे जूलियनच्या प्रश्नाला जवळपास सोळाशे वर्षे लागली!

यातही भाषेचा एक घोटाळा आहे. मूळ पापाचा जो मुख्य आधार, पौलाच्या त्याच पत्रातला पाचवा अध्याय, त्यात ग्रीक शब्दांचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा होतो. ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन भाषांतरात तो 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' असा झाला होता, म्हणजे आदामाच्या ठायी. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चने मृत्यू आणि दुबळेपणा आदामाकडून आला असे मानले, पण त्याचा अपराध आपल्या माथी मारला नाही. एका अव्ययाने केवढा फरक पडला पाहा! भाषांतर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वरवर पाहता पेलागियस आपल्याला जवळचा वाटतो. आशावादी, माणसावर विश्वास ठेवणारा. पण थोडे खोलात गेले की चित्र उलटते. परिपूर्ण होणे शक्य आहे ना? मग तसे होणे तुमचे कर्तव्य ठरते, आणि नाही झालात तर कसलीही सूट नाही. लहान पाप, मोठे पाप असा भेद नाही. त्याच्या चर्चमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांनाच जागा. उलट ऑगस्टीन, ज्याने माणसाला जन्मरोगी ठरवले, तोच ठेचकाळणाऱ्यांच्या बाबतीत अधिक समजूतदार ठरतो. त्याच्या लेखी चर्च म्हणजे रुग्णालय. कुणी आज दाखल झाला, कुणी बरा होत आला, पूर्ण बरे कुणीच नाही. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता कठोर आणि पापाचा पुरस्कर्ता कनवाळू, हा विरोधाभास मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या एका वर्गमित्राचे उदाहरण देतो. दारूपायी त्याने नोकरी घालवली. सगळे त्याला सांगत, मनात आणलेस तर सुटेल. त्यानेही मनात आणले, एकदा नव्हे चारदा. पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि काढून ठेवली. अखेर तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला गेला. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करायचे. ज्या दिवशी त्याने 'मला जमत नाही' हे चारचौघांत म्हटले, त्या दिवसापासून त्याला जमू लागले. सोळा वर्षे झाली. यात ऑगस्टीन जिंकला असे म्हणावे, तर रोज संध्याकाळी पाय उचलून त्या सभेला जाणारा तोच होता ना? तिथे पेलागियस बरोबर ठरतो.

आता नैतिक ऱ्हासाविषयी. आम्हा म्हाताऱ्यांचा हा आवडता विषय! बागेतल्या बाकावर रोज ठराव मंजूर होतो की जग बिघडले आहे. रोम लुटले गेल्यावर तिथले जुन्या देवांचे भक्तही हेच म्हणू लागले की ख्रिस्ती धर्म आला आणि नीती बुडाली. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ अशी तेरा वर्षे खपून 'ईश्वराचे नगर' हा बावीस खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने रोमनांच्याच सॅलस्ट आणि सिसेरोचे दाखले देऊन दाखवले की ख्रिस्ताच्या जन्माआधीच हे लोक आपल्या ऱ्हासाबद्दल रडत होते. ज्या सोन्याच्या काळाची आठवण काढायची, त्या काळातही भाऊ भावाला मारतच होता. रोमची स्थापनाच मुळी भावाच्या खुनाने झाली. काळ वाईट आला म्हणणाऱ्या श्रोत्यांना त्याने प्रवचनात सांगितले की काळ म्हणजे दुसरे कोण, आपणच ना? आपण जसे तसा काळ.

म्हणजे पेलागियसच्या मते जग उतरणीला लागले ते सवयीने, आणि चढही चढता येईल. ऑगस्टीनच्या मते चढउतार वरवरचे, रोग पहिल्यापासूनचा. मी इतिहास शिकवला, त्यामुळे सुवर्णयुगांच्या कथांबाबत मला ऑगस्टीन पटतो. पण वर्गात शिरताना मी पेलागियसच होतो, आणि दुसरे काही असून चाललेही नसते.

हा वाद तिथे संपला नाही. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने कृपेची बाजू उचलून धरली, पण काही माणसे पापासाठीच नेमलेली असतात हे मत धिक्कारले. १५२४ साली इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले, १५२५ साली मार्टिन ल्यूथरने त्याला 'इच्छेची गुलामी' असे उत्तर दिले. आपल्या मुलखातही आदामाची कथा आली ती मराठी ओवीतून. गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेल्या आणि १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-हव्वेचे पतन आणि पुढे तारण असा सारा क्रम ज्ञानेश्वरांच्या छंदात आला आहे. थागास्तेच्या मास्तरांचा विचार असा हजारो मैल आणि बाराशे वर्षे चालून आपल्या भाषेत उतरला!

ऑगस्टीन २८ ऑगस्ट ४३० रोजी वारला. हिप्पोला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला होता. शेवटच्या दिवसांत त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती आणि अंथरुणातून ती वाचत तो रडत असे. पंचाहत्तरी ओलांडलेला, साऱ्या ख्रिस्ती जगाचा गुरू, अजून आपल्या मनाचा हिशेब तपासत होता. जूलियनला उत्तर देणारा त्याचा शेवटचा ग्रंथही अपुराच राहिला.

तो अपुरा राहिला हे एका परीने बरेच झाले, असे मला वाटते. दुसऱ्याकडे पाहताना ऑगस्टीन व्हावे, म्हणजे राग आवरतो. स्वतःकडे पाहताना पेलागियस व्हावे, म्हणजे सबबी आवरतात. आपण बहुतेक वेळा नेमके याच्या उलट करतो.